वडिलांच्या पेटीतील पुंगळ्यांचे मणी करायचे आहेत. आधी काय तपासावे?

सातारची_लेक

नमस्कार. माझे वडील १९८४ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या माघात आम्हाला सोडून गेले. लहानपणी ज्या लोखंडी पेटीला हात लावायची आम्हा भावंडांची छाती होत नसे, ती आईने गेल्या आठवड्यात माझ्यापुढे उघडली, तेव्हा घडी घातलेल्या गणवेशाखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काडतुसांच्या पुंगळ्या निघाल्या. मोजल्या तेव्हा ३९ भरल्या. त्यांपैकी ३७ तोंडाने उघड्या आणि आतून रिकाम्या आहेत. उरलेल्या दोन नगांच्या तोंडात गोळी बसवलेली आहे. त्यातल्या एकाच्या अंगाला आरपार भोके आहेत आणि उजेडात धरल्यावर पलीकडचे दिसते. दुसऱ्याला मात्र भोक नाही, तो काळवंडला आहे आणि गोळीच्या सांध्यापाशी हिरवा कळंक चढला आहे.

मी आठ वर्षांपासून तांब्या-पितळेच्या तारेचे आणि काचमण्यांचे दागिने करून प्रदर्शनांत विकते. सोनारी करवत, कानशी आणि लहान बर्नर हाताखालचे आहेत, परंतु दारूगोळ्याच्या वस्तूला यापूर्वी कधी हात लावलेला नाही. आईचे म्हणणे एवढेच आहे, की हा डबा पुन्हा पेटीत घालायचा नाही. त्याची तिला गळ्यात घालता येईल अशी माळ करून द्यायची.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या पुंगळ्या खरोखरच निर्धोक आहेत हे कसे ओळखावे? त्यांच्या आतल्या काजळीचा कातडीला किंवा करणाऱ्याला काही अपाय होतो का? आणि मणी करताना त्या वितळवाव्यात की कापाव्यात? आमच्याकडे येणारा भंगारवाला म्हणतो, की अशा पुंगळ्या तो किलोवर आणून देईल. माळ जमली तर पुढे विक्रीसाठीही करता येतील, असे मनात आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टूलरूम_वरणगाव

ताई, मणी, माळ, दोरा हे सगळे नंतर. आधी गोळी असलेले ते दोन्ही नग डब्यात जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत. डबा गॅसच्या शेगडीपासून, देवघरातल्या समईपासून आणि मुलांच्या हातापासून लांब, थंड जागी ठेवावा. कळंक काढायला म्हणून चिंच किंवा पितांबरी लावण्याचा मोह अजिबात होऊ देऊ नये. मी वरणगावच्या काडतुसांच्या सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये (हत्यारे-साचे घडवण्याच्या विभागात) ३१ वर्षे काढली आहेत, त्यामुळे हे जरा अधिकाराने सांगतो.

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा मेळ असतो: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाच्या मध्यावर बसवलेली वाटाण्याहून लहान टोपी, आतली दारू आणि तोंडातली गोळी. बंदुकीची पिन टोपीवर आदळते, टोपीतला मसाला ठिणगी देतो आणि दारू पेटते. म्हणून माणसे दारूला भितात, पण घरात सापडलेल्या नगाच्या बाबतीत मला भीती टोपीची वाटते. कारण ती ठोक्याने, घासण्याने आणि तापवण्याने, तिन्ही प्रकारांनी चेतते. दारू काढून टाकलेल्या, वरवर रिकाम्या दिसणाऱ्या पुंगळीतही टोपी जिवंत असू शकते.

आता तुमच्या ३७ पुंगळ्यांविषयी. बॅटरीच्या उजेडात एकेक पुंगळी पालथी करून बूड पाहावे. टोपीच्या मध्यावर पिनेचा स्पष्ट खळगा असेल आणि पुंगळीच्या आत तळापर्यंत काही शिल्लक नसेल, तर ती उडालेली पुंगळी आहे. टोपी गुळगुळीत असेल, तर पुंगळी कितीही रिकामी दिसो, ती वेगळी काढून त्या दोन नगांच्या रांगेत ठेवावी. खळगा दिसला की काडतूस उडालेच, असा नियम मात्र गोळी असलेल्या नगाला लावू नये. पिन बसूनही न उडालेले काडतूस असते, त्याला आम्ही मिसफायर म्हणतो, आणि ते सगळ्यात अवसानघातकी.

भोके असलेला नग बहुधा शिकवणीचा असावा. जवानाला बंदूक भरण्याचा सराव देण्यासाठी असे नग वापरतात आणि त्यांच्या अंगाला मुद्दाम भोके पाडलेली असतात किंवा उभ्या खाचा मारलेल्या असतात, म्हणजे अंधारातही बोटाला फरक कळतो. तरी ‘बहुधा’ या शब्दावर काम करायचे नसते. दुसऱ्या नगाविषयी तर मी जिवंत धरूनच चालेन. त्याला हलवून कानाशी धरणे, वजन करून अंदाज बांधणे, गोळी पकडीत धरून फिरवून पाहणे, छोटेसे भोक पाडून पाहणे, यांपैकी काहीही करू नये आणि कोणाला करूही देऊ नये. शेजारीपाजारी एखादे ‘मिलिटरीतले काका’ नक्की निघतील आणि दोन मिनिटांत उघडून दाखवतो म्हणतील. त्यांना चहा पाजावा, नग दाखवू नये.

पोलीस ठाण्याला फोन करून ‘वडिलांच्या सामानात काडतूस सापडले आहे, येऊन घेऊन जावे’ एवढे सांगावे. स्वतः पिशवीत घालून एसटीने नेऊ नये.

जाता जाता: बुडावरची अक्षरे वाचा. ‘के एफ’ असेल तर माल खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, ‘ओ एफ व्ही’ असेल तर आमच्या वरणगावचा, आणि सोबतचे दोन आकडे सालाचे. चांदमारी (नेमबाजीचा सराव) झाली की पुंगळ्या वेचून, मोजून परत कराव्या लागतात, हे सुभेदारसाहेबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. त्यांच्या डब्यात या कशा राहिल्या, ते मी विचारत नाही.

कलम_आणि_पोटकलम

वरील सल्ल्याला कायद्याची बाजू जोडतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या पुष्कळ व्यापक आहे आणि तीत दारूगोळ्याचे भागही येतात. त्याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये काही अपवाद दिले आहेत. शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ सुटे भाग, जे त्यांच्या पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नाही, ते जवळ बाळगण्याला हा अधिनियम लागू होत नाही, असा त्यातील एका तरतुदीचा आशय आहे. उडालेली, कापून मणी केलेली पुंगळी या अपवादात बसते असे म्हणायला चांगली जागा आहे. जिवंत काडतूस एक असो वा शंभर, त्याला परवाना लागतो.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली स्पष्ट केले आणि प्रवाशाच्या बॅगेत नकळत राहिलेल्या एखाद्या काडतुसाच्या प्रकरणात आजही त्याचाच आधार घेतला जातो. परंतु ताई, आपण पेटी उघडली, नग मोजले आणि येथे प्रश्न विचारला, तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते असे यापुढे म्हणता येणार नाही. म्हणून विलंब करू नये. ज्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही असा दारूगोळा अनावश्यक विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा, असे कलम २१ सांगते. साध्या कागदावर अर्ज लिहावा: वडिलांचे नाव, सेवा, निधनाची तारीख, पेटी कधी उघडली, काय सापडले. सर्व ३९ नगांचा उल्लेख करावा आणि रिकाम्या पुंगळ्या परत मिळाव्यात, अशी विनंती त्याच अर्जात करावी. अर्जाच्या प्रतीवर पोहोच घेण्यास विसरू नये. आपल्याकडे माणूस कागदावाचून अडतो.

विक्रीचा विचार असेल तर आणखी एक अडचण सांगून ठेवतो. पुंगळीच्या आकारात ओळखू येईल असा दागिना विमानतळावरच्या तपासणीत अडवला जातो, मग तो कितीही निरुपद्रवी असो, आणि ग्राहक त्या वेळी आपले नाव घेतो. मणी असे कापावेत, की मूळ वस्तू डोळ्यांना दिसू नये.

माळरानातला

भंगारवाल्याच्या किलोविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. आमचे गाव सरावाच्या मैदानाला लागून आहे. तोफांचा आवाज थांबला, की लाल निशाण उतरण्याच्या आधी माणसे पितळ आणि तांबे वेचायला पळतात, कारण एका दिवसाच्या मजुरीपेक्षा अर्ध्या पोत्याला जास्त पैसे मिळतात. माझ्या चुलतभावाची उजव्या हाताची तीन बोटे १९९६ साली अशाच एका ‘रिकाम्या’ वस्तूने नेली. तो ती दगडावर ठोकून माती झटकत होता. जाणत्या लोकांच्या देखरेखीखालीही हे काम सोपे नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामावर स्फोट होऊन सहा जण दगावले.

किलोवर मिळणाऱ्या पोत्यात कोणी काय वेचून टाकले आहे, हे त्या भंगारवाल्यालाही माहीत नसते. आईसाठी वडिलांच्या पुंगळ्यांची माळ करावी, जरूर करावी. विक्रीसाठी पोते घेऊ नये. त्या पोत्यामागे कोणाची तरी बोटे असतात.

तांबट_आळी

मी पुण्याच्या कसब्यातला. घरात तीन पिढ्या मठारकाम (तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवणे), त्यामुळे पितळेविषयी बोलतो. दारूगोळ्याविषयी टूलरूमकाकांनी सांगितले ते शेवटचे मानावे. पोलिसांनी परत दिलेल्या, टोपी उडालेल्या पुंगळ्या तुमच्या हाती आहेत असे धरून पुढचे लिहितो.

वितळवू नका. पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. ते साधारण ९१५ अंशांना पाझरायला लागते आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळते, म्हणजे मूस तापेपर्यंत पांढरा धूर निघू लागतो. तो छातीत गेला, की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला गोडसर चव राहते आणि दुसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, की हवा बाधली. त्यात पुंगळ्यांच्या बुडाशी टोपीच्या मसाल्याचे शिसे असते, तेही धुरात येते. एखादी पुंगळी आतून ओली राहिली आणि वितळलेल्या रसात पडली, तर वाफेने रस उसळून अंगावर येतो. आणि चुकून एखादी टोपी जिवंत राहिली असेल, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. घरच्या अंगणात करायचे हे काम नव्हे.

म्हणून कापा. कापण्याआधी धुणे, आणि धुणे म्हणजे खरोखर पाण्याने. आतली काळी काजळी कोरडी खरवडू नये, फुंकू नये, झटकू नये. आधुनिक टोप्यांच्या मसाल्यात शिशाचे संयुग असते, फार जुन्या टोप्यांत पाऱ्याचेही असे. त्याची धूळ नाकातोंडात गेली, की शरीरात साठते, आणि शिशाची अमुक एवढी मात्रा चालते असे लहान मुलांच्या बाबतीत कोणी डॉक्टर म्हणणार नाही. एका जुन्या प्लास्टिकच्या डब्यात कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि चमचाभर लिंबूसत्त्व घालून पुंगळ्या वीस-पंचवीस मिनिटे ठेवाव्यात, हातमोजे घालून बाटलीच्या ब्रशने पाण्याखालीच घासाव्यात आणि तीन-चार पाण्यांत खळबळून काढाव्यात. रात्रभर आंबटात ठेवू नये. जस्त निघून जाते आणि पितळ गुलाबी पडते. ही गोष्ट चिंचेत विसरलेल्या पितळी तांब्याच्या काठावर सगळ्यांनी पाहिली असेल. तो डबा आणि तो ब्रश पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका, आणि ते पाणी तुळशीला किंवा परसातल्या भाजीला घालू नका.

आता करवत. पुंगळीचे बूड जाड असते आणि तोंडाकडे पत्रा पातळ होत जातो. बुडापासून साधारण १२ मिलिमीटरवर पहिला काप घ्यावा आणि टोपीसकट तो बुडखा कायमचा बाजूला ठेवावा. त्याला भोक नाही, कानस नाही, आग नाही. आता जी नळी उरली, ती खऱ्या अर्थाने नुसते पितळ. तिच्यात घट्ट बसेल अशी लाकडी खुंटी घालावी, नाहीतर पातळ पत्रा चिमटतो, आणि बारीक दातांच्या पात्याने सहा-सहा मिलिमीटरचे वेढे कापावेत. आपल्या जुन्या लष्करी रायफलीची ७.६२ मिलिमीटर मापाची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब असते. बूड आणि खांद्याचा उतार सोडला, तर अंगाचे चार आणि मानेचा एक, असे पाच मणी एका पुंगळीतून निघतात. अंग वर निमुळते होत गेल्यामुळे हे चार मणी एकसारखे येत नाहीत, आणि माळेला ते चांगलेच आहे. मोठे मध्यावर, लहान मानेकडे. साठ मण्यांच्या माळेला बारा पुंगळ्या पुरतात. सगळा डबा मोडू नका.

कापताना पाण्याचा थेंब सोडत राहावे, म्हणजे कीस उडत नाही. चष्मा लावावा. कडा आत-बाहेरून कानशीने मारून पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरवर आठाच्या आकड्यात फिरवाव्यात. गळ्यात फिरणाऱ्या मण्याची धार दोरा आधी कापते आणि मग कातडी.

नळीचे भोक फार मोठे, त्यात दोरा डगडगतो. यावर आपल्याकडे जुना उपाय आहे. बोरमाळेचा मणी आतून काय असतो? वर सोन्याचा पातळ पत्रा आणि पोटात लाख. तसेच येथे करावे: मध्यावर तेल लावलेली सुई किंवा तार उभी धरून वेढ्यात तापवलेली लाख भरावी, घट्ट होत आली की तार पिळून काढावी. भोक सरळ राहते, मणी भरीव वाटतो, आणि आतली बाजू लाखेखाली बंद होते. मला तर काळ्या लाखेभोवती पितळेचे वेढे दिसायलाही आवडतात.

पॉलिशला अमोनिया असलेले द्रावण वापरू नये. कारण काका सांगतील.

टूलरूम_वरणगाव

सांगतो, कारण हा किस्सा आमच्या प्रशिक्षणात ठरलेला असे. ब्रिटिश फौजेच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात मोहिमा थांबत, आणि काडतुसे कोरडे दिवस येईपर्यंत तबेल्यात ठेवून दिली जात. दिवस उघडले, की पेट्यांमध्ये कोणी हात न लावलेल्या पुंगळ्या उभ्या तडकलेल्या सापडत. म्हणून त्या दोषाला नावच हंगामावरून पडले. १९२१ साली खुलासा झाला: पितळ थंड ओढून पुंगळी करताना धातूच्या अंगात ताण राहतो, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया त्या ताणलेल्या पितळात शिरून त्याला चिरतो. दोन्ही असतील तर तडा. एक काढले तर काही नाही.

तुमच्या पुंगळ्यांच्या मानेशी निळसर-तपकिरी छटेचा पट्टा दिसेल. पुष्कळांना तो डाग वाटतो. तो डाग नव्हे, मानेतला ताण घालवण्यासाठी कारखान्यात दिलेल्या शेकाची ती खूण आहे, आणि लष्करी मालावर ती मुद्दाम पुसत नाहीत. शेक फक्त मानेला दिलेला असतो, अंगाला नाही. म्हणून बुडखा काढून टाकल्यावर, आणि लाख भरण्याच्या आधी, कापलेले वेढे २५० ते ३०० अंशांवर तासभर ठेवावेत; तुमच्या ओळखीच्या इनॅमलवाल्याच्या भट्टीत हे होईल. केक भाजायच्या ओव्हनमध्ये नको. आणि क्रम उलटा होऊ नये: आधी बूड वेगळे, मग शेक. बूड लावलेली पुंगळी विस्तवाजवळसुद्धा नेऊ नये.

अदिसचा_मास्तर

मी इथिओपियात अदिस अबाबा येथे काही वर्षे शिकवत होतो, त्यामुळे या विषयाची एक वेगळी बाजू पाहिलेली आहे. शहराच्या उत्तरेला एन्तोतोचा डोंगर आहे. तेथील चर्चच्या तीर्थाच्या पाण्याने बरे वाटेल या आशेने एचआयव्हीबाधित बायका दूरदुरून येऊन राहिल्या, आणि पोटासाठी निलगिरीच्या लाकडांच्या मोळ्या पाठीवरून शहरात उतरवू लागल्या. पुढे त्यांच्यापैकी काहींना मण्यांचे काम मिळाले. देशातल्या लढायांनंतर शेतांत राहिलेल्या रिकाम्या पुंगळ्या शेतकरी वेचून विकतात, त्या वितळवून लहान लहान मणी ओततात आणि या बायका ते ओवतात. त्या मण्यांचा पिवळा रंग सोन्याकडे झुकणारा असतो आणि एकही मणी दुसऱ्यासारखा नसतो.

मला ती माळ फार आवडली होती आणि मी एक आणलीही. पण ओतकामाच्या जागी उभे राहिल्यावर तांबटबुवांनी लिहिलेला तो पांढरा धूर मी स्वतः पाहिलेला आहे, आणि तेथे कोणाच्या तोंडावर फडक्यापलीकडे काही नव्हते. माळरानातल्या गृहस्थांचे म्हणणेही तिथे तितकेच लागू पडते. शेतात जाऊन वेचणारा आणि गळ्यात घालणारा यांच्यामध्ये इतके हात असतात, की शेवटच्या माणसाला पहिल्याचे काही दिसत नाही. तेव्हा ताई, तुमच्या ३७ पुंगळ्यांचा धनी कोण हे तुम्हाला ठाऊक आहे, ही मोठी सोय समजा.

सातारची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मधल्या काळात बरेच घडले.

सांगितल्याप्रमाणे फोन केला. आधी ‘घेऊन या की’ असेच उत्तर आले. मी नम्रपणे पण ठामपणे नाही म्हटले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दोघे जण आले आणि नंतर त्यांनी त्यांच्या जाणकार माणसाला बोलावून घेतले. त्याने भोके असलेला नग हातात घेऊन लगेच शिकवणीचा म्हणून सांगितला. त्याच्या बुडात टोपीच नव्हती, नुसते भोक होते, आणि ते मी इतक्या दिवसांत पाहिले नव्हते. दुसरा नग मात्र त्याने पेटीतच वाकून पाहिला, हात न लावता, आणि आम्हाला बाहेरच्या खोलीत जायला सांगितले. तो जिवंत होता. माझ्या भाच्याने दिवाळीत तोच नग दाढीच्या साबणाने धुऊन चकचकीत करायचे म्हटले होते, हे आठवून माझ्या हातापायांतले बळ गेले.

पंचनामा झाला, आईचा जबाब झाला, अर्जावर पोहोच मिळाली. रिकाम्यांपैकी एका पुंगळीची टोपी गुळगुळीत निघाली, तीही त्यांनी नेली. उरलेल्या ३६ परत मिळाल्या आहेत. भंगारवाल्याला नको म्हणून कळवले.

बारा पुंगळ्या धुऊन, कापून, शेक देऊन झाल्या. लाख भरण्याचे तंत्र अजून हाताला बसायचे आहे; पहिल्या दहा मण्यांत तार अडकून बसली. आता एकच अडचण उरली आहे. बुडे पाहत असताना एकावर ‘के एफ’ आणि ‘७१’ असे स्पष्ट वाचता आले. आईला दाखवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, की त्या वर्षी तुझा दादा झाला आणि हे नऊ महिन्यांनी त्याला बघायला आले. तेवढे एक बूड माळेच्या मध्यावर पदक म्हणून बसवावे, अशी तिची इच्छा आहे. तांबटदादांनी बुडख्याला हात लावू नये म्हटले आहे, म्हणून विचारते.

टूलरूम_वरणगाव

त्याच्या टोपीवर खोल खळगा असेल, पुंगळी त्या जाणकाराच्या नजरेखालून गेलेली असेल आणि पंचनाम्यात ती रिकामी म्हणून लिहिलेली असेल, तर ते बूड वापरायला माझी हरकत नाही. टोपी मात्र ठोकून किंवा उचकटून काढायला जाऊ नका. ती उडालेली असली तरी तिच्या पोटात शिशाची राख आहे. आत आहे तिथेच बंद राहिलेली बरी. डाख (सांधा जोडणारा वितळवलेला धातू) लावण्यासाठी तापवायचेही नाही.

तांबट_आळी

मग कोंदण करा. पाव मिलिमीटर पितळी पत्र्याची वाटी आधी वेगळी घडवून, तिच्या कडीला डाख लावून, घासून, पॉलिश करून पूर्ण थंड होऊ द्या. बुडखा आठ मिलिमीटरवर पुन्हा कापायचा झाल्यास पाण्याखाली कापा. शक्य असेल तर बारा मिलिमीटरच ठेवा आणि वाटी खोल करा. बुडख्याच्या पोकळीत दोन भाग मिसळून लावायचा डिंक पूर्ण भरा, म्हणजे राख आतच कोंडली जाईल, आणि एक दिवस वाळल्यावर तो वाटीत बसवून कड बोथट हत्याराने हळूहळू आत वळवा. ठोकायचे नाही, दाबायचे. कड वळवण्याच्या आधी बूड वाटीत फिरवून अक्षरे कडीच्या मानाने सरळ आहेत का ते पाहून घ्या. कड वळली, की ‘७१’ आडवे झालेले पुन्हा सरळ करता येणार नाही.

लाखेची तार अडकते, कारण तुम्ही ती फार उशिरा ओढता. मणी बोटाला गरम पण चिकट लागेनासा झाला, की लगेच पिळून काढा, आणि तिला तेलाऐवजी किंचित मेण लावून पाहा. माळ ओवायला पाटवेकऱ्याकडे (दागिने दोऱ्यात गुंफणाऱ्याकडे) द्या. पितळेला रेशीम टिकत नाही, त्याला गुंफलेली सुती दोरी घालायला सांगा, आणि प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ.